वकीलसाहेबांची जीभ

१

ट्रेमधल्या बाराच्या बारा स्लाइड जागेवर होत्या. एकही फुटली नव्हती, एकही कमी नव्हती. फक्त एकीवरही नाव नव्हतं. प्रत्येक काचेच्या टोकाला चिकटवलेला कागदाचा चौकोन कुणीतरी धुऊन काढला होता, आणि वर त्यांचा क्रमही बदलून ठेवला होता.

मी सकाळी साडेनऊला प्रयोगशाळेचं कुलूप काढून झाकण उचललं तेव्हा हे दिसलं. दुपारी चारला मला एक अहवाल द्यायचा होता आणि त्या अहवालावर एका माणसाची नोकरी अवलंबून होती.

मी प्राण्यांच्या डॉक्टरांना शिकवणाऱ्या कॉलेजात शरीररचना शिकवते. माझा खास विषय पक्ष्यांच्या जिभा. कुणी विचारलं, ‘तुम्ही काय करता?’ तर मी खरं सांगते आणि समोरचा माणूस लगेच हवापाण्याचं बोलू लागतो. पण गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच कुणाला तरी माझ्या विषयाची गरज पडली होती. शहराच्या पक्षी उद्यानातला सगळ्यांचा लाडका पोपट मेला होता. त्याला सगळे ‘वकीलसाहेब’ म्हणत, कारण कुणी काहीही बोललं तरी त्याचं उलट उत्तर तयार असे. शेवटचे काही दिवस त्याची जीभ सुजली होती, खाणं सुटलं होतं. मेला त्या दिवशी पिंजऱ्यात कुस्करलेल्या गाजराचे तुकडे सापडले. उद्यानात पक्ष्यांना काय द्यायचं याचा छापील तक्ता होता आणि त्यात गाजर नव्हतं. व्यवस्थापकांनी ठरवूनच टाकलं की पक्ष्यांना खाऊ घालणाऱ्या दाणेकाकांनी काहीतरी भलतंसलतं चारून पोपट मारला. उद्यानाच्या समितीने मात्र आधी जीभ तपासून घ्यायचं ठरवलं.

जीभ माझ्याकडे आली. आमच्या तंत्रज्ञाने काल दुपारी तिची स्लाइड तयार करून दिली. शेजारी निरोगी जिभा असाव्यात म्हणून मी ती शिकवण्याच्या अकरा स्लाइडच्या ट्रेमध्ये बाराव्या खाचेत ठेवली आणि तीनच्या तासाला पळाले. पाचनंतर परत आले तेव्हा ट्रेवर झाकण होतं. उद्या सकाळी ताज्या डोळ्यांनी बघू म्हणून तशीच कुलूप लावून घरी गेले.

आता मी फोन उचलला आणि सासूबाईंना लावला.

यात नवल वाटायचं कारण नाही. माझ्या सासूबाई याच प्रयोगशाळेत चौतीस वर्षं स्लाइड बनवत होत्या. मेणात बसवलेल्या जिभेचे केसाहून पातळ काप काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मी या कॉलेजात शिकायला आले तेव्हा त्या मला ‘ए मुली, काच कडेने धर’ म्हणून ओरडायच्या. पुढे मी त्यांची सून झाले आणि मग इथली प्रमुख. सहा वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या. सासरे म्हणायचे, “हिने जन्मभर दुसऱ्यांच्या जिभा कापल्या, हिची कापणारा मात्र जन्माला यायचाय.”

“कशाला हात लावू नकोस,” त्या फोनवर म्हणाल्या. “आणि रडू नकोस. आले.”

वीस मिनिटांत आल्या, चष्मा दोरीने गळ्यात, पायात घरातल्याच चपला.

“आधी ओळखून घेऊ,” त्या म्हणाल्या. “पाखराचं नाव कागदावर नसतं, जिभेवरच असतं. लाव पहिली.”

मी सूक्ष्मदर्शकाखाली पहिली स्लाइड सरकवली. मधोमध कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा तुकडा, टोकाखाली नखासारखा टणक थर. कोंबडी. दुसरीच्या कडेला केसांसारखी झालर आणि आत चरबीची गादी, म्हणजे बदक. ते चिखलाचं पाणी गाळून खातं, म्हणून झालर. तिसरीत एकाशेजारी एक दोन नळ्या गुंडाळलेल्या, तो फुलातला रस ओढणारा सूर्यपक्षी. सुतारपक्ष्याच्या टोकाला मागे वळलेले काटे होते, भोकातली अळी ओढून काढायला. खंड्याची जीभ तर एवढीशी की काचेवर शोधावी लागली, कारण मासा तो अख्खाच गिळतो, जिभेला काम कुठलं? अशा दहा जिभा आम्ही कागदावर उतरवल्या. उरल्या दोन, आणि त्या दोन्ही पोपटांच्या होत्या. जाड, मांसल, बोथट. पक्ष्यांच्या जिभेत स्वतःचे स्नायू फारसे नसतात, पोपटाच्या मात्र भरपूर असतात.

दोन असायलाच हव्या होत्या. एक शिकवण्याची जुनी, एक वकीलसाहेबांची. मी दोन्ही नीट पाहिल्या. लाळेच्या ग्रंथी द्राक्षाच्या घोसासारख्या भरलेल्या, प्रत्येक मण्याच्या आत फिकट फुगीर पेशींची रांग. दोन्ही अगदी निरोगी.

म्हणजे कोणती कुणाची हा प्रश्नच उरला नव्हता. वकीलसाहेबांच्या जिभेत काही दोष नव्हता. मग त्याला बाहेरच्याच कशाने तरी मारलं असणार. मला दाणेकाकांचं वाईट वाटलं, पण जे दिसलं ते लिहायला हवं. मी पेन उघडलं.

“पेन खाली ठेव,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा डोळा अजून सूक्ष्मदर्शकालाच होता. “यातला एक पोपट खोटा आहे.”

२

“खोटा म्हणजे? दोन्ही पोपटच आहेत, आई.”

“पोपटच आहेत. पण दोन नाहीत, एकच आहे. डावीकडे बघ. एक पांढरी रेघ दिसते का?”

मी पाहिलं. गुलाबी-जांभळ्या रंगातून दोऱ्यासारखी सरळ पांढरी रेघ वरपासून खालपर्यंत गेली होती. दुसरी स्लाइड लावली. तीच रेघ, त्याच जागी. खालच्या कोपऱ्यात कापाला पडलेली चुणीही तीच.

“पात्याला बारीकशी खाच असली की प्रत्येक कापावर अशी रेघ उमटते,” त्या म्हणाल्या. “ही माझ्या सुरीची खाच आहे. त्या पोपटाचे काप काढताना मेणात एक कण आला आणि पातं दुखावलं. मी दोन दिवस जेवले नव्हते. ही रेघ मी विसरेन?”

“म्हणजे दोन्ही काप तुम्हीच काढलेत?”

“एकाच पोपटाचे, एकापाठोपाठ एक. आणि ती सुरी मला निरोपाच्या वेळी भेट दिली ना तुम्ही लोकांनी? सहा वर्षं माझ्या कपाटात, साड्यांखाली आहे. गेल्या आठवड्यात मेलेल्या पोपटाच्या जिभेवर ती कशी चालेल?”

मला जुन्या-नव्याचा फरकसुद्धा कळला नव्हता. पण तो माझा एकटीचा दोष नाही, सासूबाईंच्या स्लाइडचे रंग तीस-तीस वर्षं उडत नाहीत.

“मग ही दुसरी आली कुठून?”

त्या भिंतीपाशी गेल्या. तिथे आमची सरावपेटी असते, चाळीस जुन्या स्लाइडची. मुलांनी स्वतःच ओळखायला शिकावं म्हणून त्यांच्यावर नावं नसतात, नुसते आकडे लिहिलेले कागद. पेटीला कुलूपही नसतं. सासूबाईंनी झाकण उघडलं आणि बोट फिरवत नेलं.

सतरावी खाच रिकामी होती.

“हं,” त्या म्हणाल्या. “खरी काढून नेली आणि ही ठेवली. पण हिच्यावर सतराचा कागद. तो काढला की उघडी काच दिसणार, आणि बारा जणींत एकटी उघडी काच कुणाच्याही डोळ्यात भरेल. म्हणून सगळ्यांचीच नावं धुतली आणि क्रमही बिघडवला.”

“बाकीच्या अकरांचा काय अपराध?”

“गर्दीत एकटा उघडा चालला तर ओरड होते गं. सगळेच उघडे असले तर तो कोण ते कोण बघतं?”

मला हसू आलं, आणि लगेच आठवलं की खरी जीभ गायब आहे आणि चारला समिती बसणार आहे.

३

आमच्या तंत्रज्ञाला सगळे हळूभाऊ म्हणतात. तो हळू चालतो, हळू बोलतो आणि काप मात्र सुरेख काढतो. सासूबाईंनीच त्याला तयार केलंय. गेल्या महिन्यात मी त्याची रजा नाकारली होती, तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. खरं सांगायचं तर माझा पहिला संशय त्याच्यावरच गेला.

तो मेणखोलीत, म्हणजे काप काढायच्या खोलीत, यंत्र पुसत होता. सासूबाईंनी दार लावून घेतलं.

“हळू, वकीलसाहेबांची स्लाइड गेली.”

त्याने फडकं खाली ठेवलं, जरा विचार केला आणि म्हणाला, “बरं. मग दुसरी काढू?”

“दुसरी?” मी म्हणाले.

“वडी आहे की, मॅडम. आठ मायक्रॉनचा एक काप गेला म्हणून काय झालं? मेणाच्या वडीत अजून पाचशे निघतील.” त्याने खण उघडून नखाएवढा तुकडा असलेली पांढरी वडी दाखवली.

मला माझीच लाज वाटली. शिकवता शिकवता माणूस काचेपलीकडचं विसरतो.

“काढायला घे,” सासूबाई म्हणाल्या. “आणि कुणापाशी बोलू नकोस. आता सांग, काल तीन ते पाच इथे कोण कोण आलं?”

हळूभाऊने बोटं मोजली. उद्यानाचे व्यवस्थापक आले होते, अहवाल लवकर मिळावा म्हणून घाई करायला. दाणेकाका आले होते, वकीलसाहेबांचं काय झालं ते विचारायला. आणि उद्यानाचे डॉक्टर, तेही चौकशीला. तिघंही मॅडमची वाट बघत स्लाइडच्या खोलीत आलटून पालटून बसले होते. हळूभाऊ पूर्ण वेळ मेणखोलीत, यंत्राच्या आवाजात.

“चहापाणी विचारलंस की नाही?”

“मी कुठे, मावशी. डॉक्टरसाहेबच म्हणाले, मी करतो. आपलेच जुने विद्यार्थी, किटली कुठे ते त्यांना ठाऊक. अर्ध्या तासाने मला कप आणून दिला.” त्याने तोंड वाकडं केलं. “कोमट होता. पण तोंडावर कसं बोलणार?”

सासूबाई स्लाइडच्या खोलीत परतल्या, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेल्या, जाळी उचलली आणि तिच्याखालून बोटाने कागदाचा ओला लगदा काढला. शाईने निळसर झालेला. तो बशीत ठेवला आणि हात धुतले.

आम्ही उद्यानात पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. व्यवस्थापकांचं ऑफिस चकचकीत होतं, टेबलावर धुळीचा कण नाही.

“नावं पुसली गेली? म्हणजे अहवाल लांबणार?” ते म्हणाले. सासूबाईंनी मला बजावलं होतं, नावं गेली एवढंच सांगायचं, पुढचं काही नाही. “अहो, त्यात बघायचंय काय? पिंजऱ्यात गाजर सापडलं. मी स्वतः पाहिलं.”

“काल तुम्ही आमच्या सूक्ष्मदर्शकात डोकावलात म्हणे?” सासूबाईंनी विचारलं. असं कुणीच म्हटलं नव्हतं.

“डोकावलो. काय ते, पडद्याच्या कापडाची नक्षी असते तसं काहीतरी. मला आधी काही दिसेचना. मग डॉक्टर म्हणाले, साहेब, तुम्ही चुकीचा डोळा मिटलाय.”

डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते. सासूबाईंना बघून उठून उभे राहिले, पाया पडायला वाकले. तिशीतला सरळ मुलगा, मी त्याला शिकवलेला. हातात काच कडेने धरायला सासूबाईंनी शिकवलेला.

“नावं गेली?” तो म्हणाला. “अरेरे. मग आता काय करणार, मावशी? तेवढा एकच काप होता ना त्या जिभेचा.”

“बघू काय जमतं ते,” सासूबाई म्हणाल्या. “तू बारीक झालास रे. जेवतोस ना?”

“जेवतो,” तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

दाणेकाका पोपटांच्या पिंजऱ्यापाशी होते. आत सहा पोपट, समोर बियांची भांडी काठोकाठ भरलेली. काका साठीला टेकलेले, हाताची बोटं चोचीच्या जुन्या खुणांनी भरलेली. आम्ही काही विचारायच्या आतच त्यांचे डोळे भरून आले.

“बाई, तुम्ही उगाच त्रास घेताय,” ते म्हणाले. “काचेत काय दिसायचं ते दिसू दे. वकीलसाहेबाला मीच मारलं.”

४

त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. मग ते सांगू लागले.

पूर्वी ते पोपटांना पालेभाजी, गाजर, पपई, जे मिळेल ते घालत. दीड वर्षापूर्वी छापील तक्ता आला. फक्त सूर्यफुलाच्या बिया आणि पाणी. फळांनी पिंजरे चिकट होतात, माश्या येतात, लोक नाकं मुरडतात. काकांनी तक्ता पाळला. पण गेल्या महिन्यात वकीलसाहेब बोलायचा थांबला. मग बिया टाकून देऊ लागला. उघड्या चोचीने नुसता बसून राही.

“शेवटच्या दिवशी मला राहवेना. घरून गाजर उकडून आणलं, कुस्करून बोटाने भरवलं. दोन घास खाल्ले त्याने, माझ्याकडे बघून. दुसऱ्या सकाळी मेलेला. आता सांगा, मी नाही तर कुणी मारलं?”

“काल आमच्याकडे याच भीतीने आला होतात?” मी विचारलं.

“हो. पण विचारायचा धीर झाला नाही. बसलो आणि आलो.”

सासूबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. “काका, चारपर्यंत स्वतःला दोष देऊ नका. चारनंतर हवा तर द्या.”

दुपारी दोनला आम्ही परतलो. हळूभाऊने कधी नव्हे ते झपाट्याने काम केलं होतं. काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घेतले होते, सुकवले होते, रंगवले होते. ताजी स्लाइड अजून ओलसर होती.

मी डोळा लावला आणि स्लाइड एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवत नेली.

त्या जिभेत द्राक्षाचे घोस नव्हतेच. म्हणजे मणी होते, पण त्यांच्या आतली फिकट फुगीर पेशींची रांग कुठेच नव्हती. तिथे कातडीसारखे चपटे कोरडे थर चढले होते आणि प्रत्येक मण्याच्या पोटात सुक्या पापुद्र्यांचा बोळा ठासून बसला होता. लाळेच्या सगळ्या वाटा बंद. बोळ्यांच्या भोवती पू झाला होता, म्हणून सूज. आजार एका दिवसाचा नव्हता, महिन्यांचा होता.

“‘अ’ जीवनसत्त्व,” मी म्हणाले. “ते मिळालं नाही की ग्रंथींची कातडी होते. नुसत्या बियांत ते जवळजवळ नसतंच. पालेभाजीत असतं, पपईत असतं.”

“आणि गाजरात?” हळूभाऊने विचारलं.

“गाजरात तर भरभरून.”

मग मला त्या पिंजऱ्यातले उरलेले सहा आठवले, त्यांच्यासमोरची बियांनी काठोकाठ भरलेली भांडी आठवली, आणि मी घड्याळाकडे पाहिलं.

५

समितीत पाच माणसं होती. अध्यक्षा एक निवृत्त मुख्याध्यापिका, आवाजात अजून घंटा होती. दाणेकाका दाराजवळ उभे होते. कुणी बसा म्हटलं तरी बसेनात. व्यवस्थापक पुढे, डॉक्टर खिडकीशी.

मी आधी जिभेबद्दल सांगितलं, साध्या शब्दांत. निरोगी जीभ कशी असते, ही कशी होती. एका दिवसाच्या गाजराने असं होत नाही, दीड वर्षाच्या बियांनी होतं. “उलट,” मी म्हणाले, “काकांनी भरवलेलं गाजर हे त्याचं औषधच होतं. फक्त फार उशिरा पोचलं.”

दाणेकाका तेव्हा कुठे खुर्चीत बसले.

व्यवस्थापक म्हणाले, “पण तुमच्या स्लाइडवरची नावं तर गेली होती. ही जीभ वकीलसाहेबाचीच कशावरून?”

“हा प्रश्न चांगला आहे,” सासूबाई म्हणाल्या. आतापर्यंत त्या कोपऱ्यात पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. “मी सांगू?”

अध्यक्षांनी मान हलवली.

“नावं गेली नाहीत, काढली गेली. वकीलसाहेबाची स्लाइड उचलून तिच्या जागी जुन्या निरोगी पोपटाची ठेवली होती. का, तर जिभेत दोष नाही असा अहवाल जावा म्हणून. काल दुपारी तिथे चौघं होते. आमचा तंत्रज्ञ आणि हे तिघं.” त्यांनी एकेकाकडे पाहिलं. “ज्याने हे केलं त्याने चाळीस बिननावाच्या स्लाइडमधून पोपट बरोबर उचलला. नुसत्या नजरेने. दाणेकाका पोपट बाहेरून ओळखतात, आतून नाही. साहेबांना कुठला डोळा मिटायचा तेही ठाऊक नाही.”

कुणीतरी खुदकन हसलं. व्यवस्थापक लाल झाले.

“राहिले दोघं, तंत्रज्ञ आणि डॉक्टर. तंत्रज्ञाला स्लाइड चोरून काय मिळणार? त्याच्या खणात त्या जिभेची मेणातली वडी आहे, आजची स्लाइड तिच्यातूनच काढली. त्याला लपवायचंच असतं तर त्याने वडी नेली असती. वडीला तर कुणी हातही लावला नाही. म्हणजे हे करणाऱ्याला स्लाइड माहीत होत्या, सरावपेटी माहीत होती, पण वडी शिल्लक राहते हे माहीत नव्हतं. असं कुणाला वाटतं? विद्यार्थ्यांना. मेणखोलीत आम्ही त्यांना येऊ देत नाही, कुणीतरी बोट कापून घेतं म्हणून. त्यांना वाटतं, काचेवर आलं तेवढंच.” त्या थांबल्या. “आणि कागद सुटायला गरम पाणी लागतं. किटलीतलं गरम पाणी ट्रेवर गेलं, म्हणून हळूच्या वाट्याला कोमट चहा आला.”

डॉक्टर उठला. त्याने शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, टेबलावर ठेवला आणि उलगडला. आत एक स्लाइड होती, अख्खी, वर हळूभाऊच्या अक्षरात लिहिलेलं नाव अजून तसंच.

“फोडायचं ठरवलं होतं,” तो म्हणाला. “फोडवेना.”

“बस आणि सांग,” सासूबाई म्हणाल्या.

“तक्ता मीच लिहिला. स्वच्छतेसाठी साहेब मागे लागले होते, आणि मी विचार न करता फळंभाज्या कापून टाकल्या. बियांबरोबर जीवनसत्त्वाची पूड द्यायची हे पुढच्या पानावर लिहायचं ठरवलं, आणि ते पान मी कधी लिहिलंच नाही.” त्याने स्लाइड माझ्याकडे सरकवली. “काल पाणी उकळेपर्यंत सहज स्लाइड लावून पाहिली. तुमच्या आधी मीच पाहिली, मॅडम. एका नजरेत कळलं. मग डोकं चालेनासं झालं. काकांचा विचारच आला नाही मनात. आला तो रात्री घरी गेल्यावर.”

“आणि आज सकाळी?” मी विचारलं. “सकाळी तर आम्ही समोर होतो.”

“सकाळी धीर नव्हता.”

अध्यक्षा काहीतरी बोलणार होत्या, पण त्याआधी दाणेकाका उभे राहिले. मला वाटलं, आता ते त्याला फाडून खाणार, आणि त्यांचा तो हक्कच होता. ते डॉक्टरच्या अगदी जवळ गेले.

“ते सगळं नंतर,” ते म्हणाले. “बाकीच्या सहांचं काय करायचं ते सांगा.”

६

ती सभा तशीच अर्धवट राहिली. डॉक्टर आणि दाणेकाका पिंजऱ्याकडे गेले आणि आम्ही सगळे मागोमाग, अध्यक्षांसकट. डॉक्टरने एकेका पोपटाला टॉवेलात गुंडाळून चोच उघडून पाहिली. काकांनी बॅटरी धरली. चौघांच्या जिभा ठीक होत्या. पाचव्याच्या जिभेखाली बारीक पांढरे ठिपके होते. सहावी सगळ्यात लहान मादी, तिची जीभ एका बाजूने सुजायला लागली होती.

“अजून वेळ आहे,” डॉक्टर म्हणाला. तेव्हा त्याने पहिल्यांदा श्वास सोडल्यासारखं वाटलं.

व्यवस्थापकांनी स्वतः गाडी काढली आणि बाजारातून पालक, गाजरं आणि दोन पपया आणल्या. पपई कापताना त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर डाग पडला, पण ते कापतच राहिले. मला वाटतं, त्यांनाही आपल्या वाट्याचं कळलं होतं.

समितीची सभा दुसऱ्या आठवड्यात पूर्ण झाली. दाणेकाकांवरचा ठपका लेखी मागे घेतला गेला. डॉक्टरने सगळं स्वतःच्या हाताने लिहून दिलं, काही न गाळता. त्याला काढून टाकावं असं दोघांचं मत होतं. अध्यक्षांनी दाणेकाकांना विचारलं. काका म्हणाले, “सुया टोचायला कोणी लागतोच ना? हा निदान आता विसरणार नाही.” डॉक्टर राहिला, ताकीद मिळून, आणि यापुढे कुठलाही तक्ता दाणेकाकांची सही असल्याशिवाय लागू होणार नाही असं ठरलं. काकांना सही नीट येत नव्हती. ती त्यांना डॉक्टरनेच शिकवली, मधल्या सुट्टीत, बियांच्या पोत्यावर कागद ठेवून.

मी हळूभाऊची रजा मंजूर केली आणि मनातल्या संशयाबद्दल त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “असू दे, मॅडम,” आणि चार दिवसांऐवजी आठ दिवसांनी परत आला.

दीड महिन्याने दाणेकाका आमच्या प्रयोगशाळेत आले. या खेपेला नुसते बसून परत गेले नाहीत. वकीलसाहेबाला बघायचं म्हणाले. मी स्लाइड लावून दिली, त्या दिवशी आलेल्या सासूबाईंनी त्यांची मान धरून योग्य उंचीवर आणली. काकांनी बराच वेळ पाहिलं.

“बावीस वर्षं सांभाळला,” ते म्हणाले, “पण इतका आतून कधी भेटला नव्हता.”

मग त्यांनी निरोगी जीभही बघायला मागितली, मग बदकाची, मग सुतारपक्ष्याची. तास उलटून गेला तरी उठेनात. खंड्याची एवढीशी जीभ बघून ते लहान मुलासारखे हसले. जाता जाता दारात थांबून त्यांनी सांगितलं की ती धाकटी मादी आता पूर्ण बरी आहे, आणि काल सकाळी, भांड्यात पालक ठेवताना, आयुष्यात पहिल्यांदा बोलली.

“काय म्हणाली?” सासूबाईंनी विचारलं.

दाणेकाका जरा लाजले. “‘हळू’ म्हणाली. मी तिला भरवताना सारखं म्हणतो ना, हळू, हळू गं. तेच.”

आतल्या खोलीतून आमचा हळूभाऊ घाईघाईने बाहेर आला. “कोण हाक मारतंय?” त्याने विचारलं. आम्हाला इतकं हसू आलं की उत्तर द्यायला कुणाची जीभच उचलेना.